शिडावरचं लाल ठिगळ

लग्नाची हळद अंगावर होती तेव्हाच सासूबाई मला पूर्णगडच्या गडावर घेऊन गेल्या. बुरुजावर उभं करून त्यांनी हातानं सगळा समुद्र दाखवला आणि म्हणाल्या, "आपला मानूस दर्यावर असला की हितनं तू बगायचं नाय."

माझे वडील रत्नागिरीच्या बंदरात कारकून. समुद्र माझ्या जन्मापासून दारात होता, आणि जीभही माझी काही आखूड नव्हती. "बघायचं नाही तर दाखवायला कशाला आणलंत?" मी विचारलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या घरातल्या सुनेला हाक मारली. ती माझ्याच वयाची, पाठोपाठ गड चढून आली होती. तिचा हात माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, "ही तुज्यासाठी बगंल. तू हिच्यासाठी बग."

गावाची रीतच तशी होती. पडाव, म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत, मुंबईला गेला की त्यावरच्या माणसाची वाट त्याच्या बायकोनं बघायची नाही. ती दुसऱ्या घरच्या बाईनं बघायची. आपली नजर लागते असं म्हाताऱ्या सांगत. मला हा शुद्ध खुळचटपणा वाटला होता. पुढं थोडी अक्कल आली तेव्हा त्यातलं शहाणपण दिसलं. आसुसलेल्या बाईला क्षितिजावरचं प्रत्येक शीड आपलंच वाटतं. परकीला तसं वाटत नाही. ती दिसेल तेच सांगते. म्हणून मी शेजारणीच्या नवऱ्याचा पडाव बघायची, ती माझ्या नवऱ्याचा. दिसला की बुरुजावरून कुकारा घालायचा, "तुमचा आला गो!" आणि ज्या घरची ती हाक असेल तिथं चुलीवर जास्तीचे तांदूळ चढायचे.

इतक्या लांबून पडाव ओळखायचा कसा? शिडावरून. पण शिडं तर सगळी एकाच रंगाची, उन्हापावसानं मळकी झालेली. म्हणून प्रत्येक घर आपल्या शिडाला वरच्या अंगाला, परबाणाच्या आडव्या काठीजवळ, आपल्या घरातलं एक ठिगळ लावी. शेजारच्यांचं काळ्या घोंगडीचं होतं. आमचं लाल. सासूबाईंच्या लग्नातल्या लुगड्याचा अर्धा तुकडा होता तो. उरलेला अर्धा त्यांनी पेटीत जपून ठेवला होता, पुढच्या शिडासाठी.

आमचं दुकान होतं आणि एक पडाव. दुकान मामंजी बघत, म्हणजे माझे सासरे. पडाव हे बघत. मी यांचं नाव तेव्हाही घेत नव्हते, आता तर घेणारच नाही. चैत्र-वैशाखात जवळच्या पावस गावच्या बागांतले आंबे पेट्यांतून मुंबईला जायचे आणि परतीच्या शेवटच्या खेपेत गावाची पावसाळ्याची बेगमी यायची. मीठ, राकेल, डाळ, गूळ, मिरची, कांदा. एकदा समुद्र बंद झाला की नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी पडाव पाण्यात घालत नसे. आगबोटही बंद. रत्नागिरीहून पावसपर्यंत मोटार यायला लागली होती, पण पावसाळ्यात त्या रस्त्याचा चिखल होई. शेवटची खेप आली नाही तर गावानं चार महिने अळणी खायचं आणि अंधारात बसायचं, इतकं ते साधं होतं.

मामंजींना ह्याची धास्ती होती. तोंडानं ते कधी बोलले नाहीत. पण त्यांचं सगळं वागणं त्या धास्तीतून आलेलं होतं हे मला हळूहळू कळत गेलं. सगळा माल एका पडावात ते कधी भरू देत नसत. अर्धा आमच्या पडावात, अर्धा शेजाऱ्यांच्या, आणि शेजाऱ्यांचाही तसाच अर्धा आमच्यात. दोन्ही पडावांनी बरोबर निघायचं, बरोबर यायचं. राकेलच्या प्रत्येक डब्यावर ते लाल रंगाचा एक फटकारा मारायला लावत, म्हणजे डबा कुठंही गेला तरी कुणाचा ते कळावं. पडाव गेल्यावर जो कुणी उत्तरेकडून येई, आगबोटीचा उतारू असो, मासळीवाला असो की भिक्षा मागणारा गोसावी असो, त्याला दुकानाच्या पायरीवर बसवायचं, गूळपाणी द्यायचं आणि तीन प्रश्न विचारायचे. "कुठं दिसला? कधी दिसला? कसा दिसला?" बरा आहे का, खुशाल आहे का, असलं ते विचारत नसत. "बरा हाय असं कोनीबी सांगतं," ते म्हणत, "दिसला कसा ते सांग." मी ह्यांच्यापाशी मामंजींची नक्कल करायची. आंघोळीला गेलेले हे परत आले की दारात उभी राहून विचारायची, कुठं दिसलात, कधी दिसलात, कसे दिसलात? हे हसायचे आणि म्हणायचे, "म्हाताऱ्यानं ऐकलान तर तुलाच पडावावर घेईल."

त्या वर्षी मामंजींनी आणखी एक खबरदारी घेतली. आमचं शीड जुनं झालं होतं. "भरवशाचं ऱ्हायलं नाय ते," मामंजी म्हणाले, "मुंबैला कोरं शिवून घे. चांगलं जाड कापड घे, हात आखडू नको." ह्यांना जुनं शीड प्रिय होतं. त्याच्या सगळ्या खोडी मला ठाऊक आहेत, असं ते बायकोबद्दल बोलावं तसं बोलायचे. पण बापापुढं बोलायची सोय नव्हती. सासूबाईंनी पेटीतला लाल तुकडा काढून उन्हात टाकला. कोरं शीड घरी आलं की त्यावर तो बसवायचा होता.

आंबा घेऊन दोन्ही पडाव गेले. परतीच्या सुमाराला मामंजींचे प्रश्न सुरू झाले. हंगामाच्या शेवटच्या आगबोटीनं आलेला एक मास्तर दुकानात बसला. त्यानं दोन्ही पडाव पाहिले होते, आंजर्ल्याच्या गणपतीसमोर, आदल्या सकाळी. एकावर लाल ठिगळ, एकावर काळं. खलाशी डोंगरावरच्या देवळाकडे हात जोडून उभे होते, तेही त्यानं सांगितलं. मामंजींनी त्याला दुसरा गुळाचा खडा दिला. त्यांचं एवढं औदार्य मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी वारा फिरला. दोन दिवस असा काही दर्या पेटला होता की गावातले कोळी होड्या ओढून थेट माडांपर्यंत घेऊन गेले. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध आहे, त्याच्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज स्वयंपाकघरात ऐकू येत होता. मामंजी दुकानाच्या पायरीवर बसून राहिले, पण रस्त्यावर विचारायलाच कुणी नव्हतं. मी रीत पाळली. गडाकडे पाठ करून फणसाचा रस गाळत बसले, कारण ह्यांना सांदण आवडायचं आणि काहीतरी करत राहणं भाग होतं.

तिसऱ्या दिवशी वारा पडला. दुपारच्या आधी शेजारीण बुरुजावर गेली. मीही तिच्यासाठी जायला हवं होतं, पण त्या दिवशी मला चढवेना. ती म्हणाली, "तू बस. मी दोगांसाठी बगते."

मग तो कुकारा आला. मी आयुष्यात इतकं गोड काही ऐकलेलं नाही. "तुमचा आला गो! लाल! लाल!"

सासूबाईंनी देवापुढं नारळ ठेवला. मामंजी पायरीवरून उठले आणि परत बसले. मी वाटेनं धावत वर गेले, आता बघायला हरकत नव्हती. खाली समुद्रात एकच पडाव होता. त्याचं शीड खालून फाटून लोंबत होतं, अर्धंच उरलं होतं, पण वरच्या अंगाला परबाणापाशी आमचं लाल ठिगळ स्वच्छ दिसत होतं. माझा जीव भांड्यात पडला. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. मग मी शेजारणीकडे पाहिलं.

ती उत्तरेकडे बघत होती. दुसरं शीड कुठंच नव्हतं. दोन्ही पडाव बरोबर निघालेले, बरोबर यायचे, हे गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. तिनं माझ्या आनंदाची हाक नुकतीच स्वतःच्या तोंडानं मारली होती. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, "मागं राहिला असेल. जयगडच्या खाडीत आसऱ्याला शिरला असेल. उद्या येईल बघ." मनापासून म्हटलं मी. पण मनात सुख मावत नव्हतं, हेही तितकंच खरं. आपलं माणूस सुखरूप असलं की दुसऱ्याला धीर देणं फार सोपं असतं.

आम्ही दोघी खाली बंदरावर आलो. गाव जमलं होतं. पडाव खाडीत शिरून काठाला लागायला फार वेळ लागला, कारण फाटक्या शिडावर तो वाऱ्यापेक्षा भरतीच्या जोरावरच चालला होता. माझी नजर सुकाणूवर होती. हे नेहमी सुकाणूजवळ उभे असत, डोक्याला पंचा बांधून. तिथं कुणी दुसराच उभा होता. मला वाटलं, थकले असतील, आत पडले असतील. मग शेजारणीनं माझा दंड इतक्या जोरात धरला की तिची नखं रुतली. सुकाणूवर तिचा नवरा होता.

क्षणभर लोकांना वाटलं की आमच्या पडावानं शेजाऱ्यांची माणसं उचलून आणली. मलाही तसंच वाटलं. पण पडाव जवळ आला आणि कुणीतरी म्हणालं, "पडाव काळ्या ठिगळवाल्यांचा हाय. शीड तेवडं लाल ठिगळवाल्यांचं हाय." बाकीचं मी वाळूत बसून ऐकलं.

शेजारणीचा नवरा उतरला तो सरळ मामंजींच्या समोर येऊन उभा राहिला. त्याच्या हाताची सालटी निघाली होती. आणि मामंजींनी, देवा, त्या माणसानं त्याला तेच विचारलं जे ते सगळ्यांना विचारत.

"कुठं दिसला?"

"रत्नागिरीच्या दीपगृहाच्या भायेर, दर्यात."

"कधी?"

"परवा. दिवेलागनीला."

तिसरा प्रश्न विचारायला त्यांना वेळ लागला. "कसा दिसला?"

तेव्हा त्यानं सांगितलं. पहिल्याच वावटळीत, जयगडच्या अलीकडं, शेजाऱ्यांचं शीड टरकलं, काळ्या ठिगळासकट उडून गेलं. ह्यांनी पडाव जवळ आणून दोर टाकला आणि आपलं जुनं शीड त्यांना दिलं. "त्यानंच दिलान, काका. म्हनला, माज्याकडं कोरं हाय, म्हाताऱ्यानं घ्यायला लावलान ते बरं झालं." मग ह्यांनी कोरं शीड चढवलं. पांढरं शुभ्र, अजून ठिगळ न लागलेलं. संध्याकाळी मोठा झपाटा आला. जुनं शीड खालून फाटलं, वारा त्यातून निघून गेला, आणि पडाव सरळ झाला. कोरं शीड फाटलं नाही. जाड कापड, पक्की शिवण. सगळा वारा त्यानं धरून ठेवला आणि पडावाला आडवं पाडलं. "पांढरं पान्यावर पडल्यालं दिसलं. मंग काय दिसला नाय."

मामंजींनी मान हलवली, जणू कुणी त्यांना नेहमीसारखी एखादी बातमी दिली होती. मग ते वळले आणि घराकडे न जाता उलट्या दिशेला, वाळूतून, पुळणीच्या टोकापर्यंत चालत गेले. कुणी त्यांच्या मागं गेलं नाही. आमच्या बुडालेल्या पडावावर गावचे खलाशीही होते, त्यांच्या बायका बंदरावर ऊर बडवत होत्या. मला रडायलाही येत नव्हतं. घरी सांदण झाकून ठेवलं होतं, ते कुणी काढलं, कुठं टाकलं, मला आजवर कळलेलं नाही.

त्या संध्याकाळी शेजारीण माझ्याजवळ बसली. ती म्हणाली, "मागं ऱ्हायला आसंल गो. जयगडात शिरला आसंल." माझेच शब्द मला परत देत होती ती. तिच्याकडं तरी दुसरं काय होतं? मला तिचा राग आला. तिच्या अंगाला येणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या ओल्या कपड्यांच्या वासाचाही आला.

माल अर्धा आला. मामंजींच्या नियमानं काम चोख केलं होतं. शेजाऱ्यांच्या पडावातून मीठ उतरलं, राकेल उतरलं, आणि त्या पावसाळ्यात गावातल्या एकाही घरात चूल अळणी राहिली नाही. लोक मामंजींना येऊन सांगत, तुम्ही वाटून माल भरलात म्हणून आम्ही वाचलो. मामंजी ऐकून घेत. मीठ मोजायला मात्र ते पुन्हा कधी बसले नाहीत. ते काम माझ्याकडं आलं.

समुद्र बंद झाला तशी बातमीही बंद झाली. चार महिने कुठूनही काही येणार नव्हतं. हे दक्षिणेला वाहवत गेले असतील, मालवण-वेंगुर्ल्याकडं कुणी उचललं असेल, असं सासूबाई म्हणायच्या, आणि मला बांगड्या फोडू देत नव्हत्या. प्रेत मिळालं नव्हतं ना. मी हातात चुडा आणि मनात काहीच नाही अशी त्या पावसाळ्यात वावरत होते. जे ठाऊक आहे त्याचं दुःख करता येतं. मला काहीच ठाऊक नव्हतं, आणि त्या नसण्यानं माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

नारळी पौर्णिमेनंतर दक्षिणेकडचा पहिला पडाव आला. मामंजींनी त्यावरच्या मुख्य खलाशाला, तांडेलाला, गूळपाणी दिलं. तो म्हणाला, माणूस नाही पाहिला, पण विजयदुर्गाच्या खालच्या पुळणीवर राकेलचे डबे लागले होते. भरलेले डबे बूच घट्ट असलं की तरंगतात. त्यांवर लाल रंगाचा फटकारा होता.

कुठंही गेले तरी कुणाचे ते कळावे म्हणून मारलेला तो फटकारा. कळलं. त्या दिवशी सासूबाईंनी स्वतःच्या हातानं माझ्या बांगड्या उतरवल्या, फोडल्या नाहीत.

त्यानंतर आठवड्याभरात शेजारीण तिच्या नवऱ्याला घेऊन आमच्या पडवीत आली. त्यांना पडाव पाण्यात घालायचा होता. नवं शीड घ्यायची ऐपत त्यांची होती, पण खलाशी ऐकत नव्हते. ज्या शिडानं त्यांना तारलं त्याच शिडाखाली बसू, दुसऱ्या नाही, असा त्यांचा हट्ट होता. आमचं फाटकं शीड त्यांच्या वखारीत पडलं होतं. ते मागायला आली होती दोघं. "आनि ठिगळ काढायचं नाय म्हनतायत," ती खालच्या मानेनं म्हणाली.

मी स्वयंपाकघरातून ओरडलेच. म्हटलं, शीड न्या, दुकान न्या, पण ते ठिगळ माझ्या सासूचं आहे, ते आमच्या घरचं आहे. घरात पुरुषांसमोर सून असं ओरडत नसे. सासूबाई उठल्या, आत गेल्या, पेटी उघडली आणि लुगड्याचा उरलेला अर्धा तुकडा आणून शेजारणीच्या ओटीत घातला. म्हणाल्या, "खालनं फाटलंय ना? हे लाव."

पुढचं मला कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. शेजारीण जाता जाता माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "माज्या मानसासाठी तूच बगायचं." विधवेनं कुणाच्या नवऱ्याची वाट बघायची? गावात कुजबुज झाली, तिच्या सासूनं थयथयाट केला, अपशकुन म्हणून कपाळ बडवलं. पण ती हटली नाही. "हिची नजर माज्या मानसाला लागायची नाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली. तिचा तो हट्ट माझ्यावरची माया होती की आपलंच माणूस वाचलं ह्याची भीती, हे मला तेव्हा कळलं नाही. आता म्हातारपणी वाटतं, दोन्ही असेल.

मी गेले. दर हंगामात, दर खेपेला गेले. सासूबाईंनी मला जिथून बघू नको म्हटलं होतं तिथं उभी राहून मी बघायची, कारण आता माझं कुणीच दर्यावर नव्हतं. दोन्ही तुकडे लागल्यामुळं ते लाल पूर्वीपेक्षा लांबून दिसायचं. क्षितिजावर दिसलं की दर वेळी, एवढं सगळं ठाऊक असून, माझ्या मनात एकदम यायचं, आमचा! तेवढा एक श्वास मी तो माझ्याजवळ ठेवायची. मग दोन्ही हात तोंडाशी धरून गावाकडं वळायची आणि कुकारा घालायची, "तुमचा आला गो!"